विमा नसलेल्या गाडीचं बिल कोणाच्या नावावर फाटतं?

गाडी जुनी झाली की विम्याचा हप्ता नकोसा वाटायला लागतो. विकायला काढली तर हातात फारसं काही पडणार नाही, मग तिच्यासाठी दरवर्षी पैसे कशाला भरायचे, असा हिशेब माणूस मनाशी करतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो विमा असतो, त्याच्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. तो घ्यायचा की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पण कायद्याने जो सक्तीचा केला आहे तो थर्ड पार्टी विमा, आणि त्यातून गाडीमालकाच्या स्वतःच्या गाडीसाठी एक पैसाही मिळत नाही. तो मिळतो त्या गाडीची धडक ज्याला बसली त्याला. समोरून येणारा दुचाकीस्वार, रस्ता ओलांडणारी बाई, दुसऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसलेलं मूल, यांच्यासाठी तो विमा असतो. जुनी गाडीही नव्या गाडीइतक्याच जोरात धडकते.

हा फरक एकदा लक्षात आला की विनाविमा गाडी चालवण्याचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. हप्ता वाचवणारा माणूस स्वतःच्या गाडीचा धोका पत्करतोय असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात तो अनोळखी माणसांच्या हाडांचा आणि पगाराचा धोका पत्करत असतो, आणि तोही त्यांना न विचारता.

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा ही सक्ती नव्हती. ज्याची चूक त्याने भरपाई द्यावी हे तत्त्व होतं आणि ते पुरेल असं मानलं जात होतं. अडचण आली ती ऐपतीची. क्षणभराच्या दुर्लक्षाने एखाद्याचा जन्मभराचा रोजगार जाऊ शकतो, आणि ते दुर्लक्ष करणाऱ्याच्या खात्यात तेवढे पैसे जवळजवळ कधीच नसतात. न्यायालयाने भरपाई द्यायला सांगितली तरी देणार कुठून? म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1927 पासून मोटार विमा सक्तीचा केला. ब्रिटनने 1930 च्या कायद्याने तेच केलं. भारतात 1939 च्या मोटार वाहन कायद्यात ही तरतूद आली आणि आजच्या 1988 च्या कायद्यात ती कलम 146 मध्ये आहे. सगळीकडे विचार एकच होता. ज्याला रस्त्यावर गाडी आणायची आहे त्याने आधी दाखवावं की आपल्या हातून कोणाला इजा झाली तर तिची भरपाई देण्याची सोय आहे.

आता ती सोय नसते तेव्हा काय होतं ते जवळून पाहू. समजा, घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या एका तरुणाच्या दुचाकीला चौकात एका मोटारीने उडवलं. सिग्नल तोडला मोटारवाल्याने, त्याबद्दल वाद नाही. तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला, काही महिने पायावर भार देता येणार नाही. त्याचं काम रोजच्या फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे फेऱ्या बंद म्हणजे पैसे बंद.

मोटारीचा विमा असेल तर भरपाईचा दावा विमा कंपनीकडे जातो. कंपनी घासाघीस करेल, कागद मागेल, वेळ लावेल. हे सगळं त्रासदायक आहे, पण तिच्याकडे पैसे आहेत आणि निकाल विरुद्ध लागला की ते द्यावे लागतात. विमा नसेल तर त्या तरुणासमोर फक्त तो चालक आणि गाडीचा मालक उरतात. पहिला प्रयत्न बहुतेक वेळा जागच्या जागी होतो. ‘पोलिसांत नको जाऊ या, दवाखान्याचं मी बघतो,’ असं म्हणून थोडे पैसे हातावर ठेवले जातात आणि एका कागदावर सही घेतली जाते. गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला, मानेचा मणका दुखावलेला, डोक्याला आतून मार लागलेला, हे त्या दिवशी कळत नाही. कळतं तेव्हा फोन लागत नाही.

तरुण चिकाटीने न्यायालयात गेला आणि जिंकला, तरी पुढचा टप्पा जास्त अवघड असतो. हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं होत नाही. वसुलीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते, आणि समोरच्याची मालमत्ता शोधून द्यायची जबाबदारी जिंकलेल्याच्याच गळ्यात असते. घर वडिलांच्या नावावर निघतं, गाडीवर कर्ज असतं, पगार रोखीत मिळतो. मग न्यायालय हप्ते बांधून देतं. दोन हप्ते येतात आणि थांबतात. पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. ज्याचा पाय मोडला त्यानेच रजा टाकून तारखेला जायचं. कायद्याने हक्क दिला आणि वसुली झालीच नाही, अशी ही अवस्था असते. मला या सगळ्या विषयातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते, कारण आकडेवारीत हा माणूस ‘भरपाई मंजूर’ या रकान्यात जाऊन बसतो.

ज्याला शारीरिक इजा झाली नाही, फक्त गाडी चेपली, तोही सुटत नाही. त्याच्याकडे सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर त्याची कंपनी दुरुस्तीचे पैसे देते. पण क्लेममधला ठरावीक हिस्सा त्यालाच भरावा लागतो, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो किंवा कमी होतो. समोरच्याचा विमा असता तर त्याच्या कंपनीकडून ही रक्कम वसूल करता आली असती. आता वसूल कोणाकडून करणार? चूक दुसऱ्याची असूनही नुकसान याच्या नोंदीवर चढतं. आणि याच्याकडे फक्त सक्तीपुरता थर्ड पार्टी विमा असेल तर त्याच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. कायद्याने सांगितलं तेवढं सगळं त्याने केलं होतं. तरीही खर्च त्याचाच, कारण त्याचा विमा इतरांसाठी होता आणि इतरांनी त्याच्यासाठी घ्यायचा विमा घेतलाच नव्हता.

यापेक्षाही गंभीर परिणाम अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत दिसतो. विमा असलेल्या चालकाला थांबण्यात फार काही गमवायचं नसतं. विमा नसलेल्याला पळून जाण्याची ओढ वाटते, कारण थांबला तर दंड, गाडीची जप्ती आणि आयुष्यभराची देणेदारी. जखमीसाठी मात्र तीच मिनिटं मोलाची असतात. कॅलिफोर्नियामधला एक अनुभव इथे बोलका आहे. तिथे 2015 पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही वाहन परवाना मिळू लागला. नंतर संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा एकूण अपघात वाढलेले नव्हते, पण अपघात करून पळून जाण्याचे प्रकार कमी झाले होते. परवाना असला की विमा काढणं सोपं होतं, पोलिसांची भीती कमी होते, आणि माणूस थांबतो. पळून जाणारा प्रत्येक चालक मनाने दुष्ट असतो असं नाही. व्यवस्थेने त्याच्यासमोर कोणते पर्याय ठेवले आहेत यावरही बरंच अवलंबून असतं.

आता समाजाचा हिशेब. जखमीवर उपचार तर करावेच लागतात. चालक देत नाही, विमा कंपनी नाही, जखमीकडे पैसे नाहीत, मग खर्च सरकारी रुग्णालयावर म्हणजे करदात्यांवर येतो. उपचारानंतरही बिल संपत नाही. कमावता माणूस घरी बसला की मुलाची फी थकते, बायको जास्तीचं काम शोधते, कर्जाचे हप्ते चुकतात. यातलं बहुतेक कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही.

दुसरा रस्ता विम्याच्या हप्त्यातून जातो. अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये पॉलिसीत एक वेगळं संरक्षण असतं: समोरचा चालक विनाविमा निघाला तर भरपाई तुमचीच कंपनी देते. अर्थात त्यासाठी तुम्हीच हप्ता भरलेला असतो. तिथल्या विमा संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये देशभरातले 15 टक्क्यांच्या आसपास चालक विनाविमा होते, म्हणजे साधारण सहा-सातांत एक. त्या एकाच्या चुकांचा खर्च बाकीच्यांच्या हप्त्यात मिसळलेला असतो.

आणि इथे एक दुष्टचक्र सुरू होतं. एरिक स्मिथ आणि रँडल राइट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये फिलाडेल्फिया शहराचं उदाहरण घेऊन ते नीट मांडलं. तिथला मोटार विमा इतर शहरांच्या मानाने फारच महाग होता. त्यांचं म्हणणं असं: विनाविमा चालक जास्त असले की विमा असलेल्यांना त्यांच्यापासूनही संरक्षण घ्यावं लागतं, म्हणून हप्ता वाढतो. हप्ता वाढला की कमी कमाईची आणखी काही माणसं विमा सोडून देतात. ती गेली की उरलेल्यांचा हप्ता पुन्हा वाढतो. म्हणजे एकसारखी माणसं, एकसारखे रस्ते असलेल्या दोन शहरांपैकी एकात विमा स्वस्त आणि जवळजवळ सगळ्यांकडे, तर दुसऱ्यात महाग आणि अनेकांकडे नाहीच, असं होऊ शकतं. दुसऱ्या शहरातली माणसं वाईट नाहीत. ती फक्त चक्रात अडकली आहेत, आणि एकट्याने विमा काढून त्यातून कोणी बाहेर पडू शकत नाही. सक्तीच्या बाजूने मला हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद वाटतो.

आणखी एक परिणाम सहसा बोलला जात नाही. अनेक देशांत विम्याचा हप्ता चालकाच्या इतिहासावर ठरतो. अपघात केले की हप्ता वाढतो, वर्षानुवर्षं नीट चालवलं की कमी होतो. बेफिकीर चालकाला आपल्या सवयीची किंमत दरवर्षी कळते. विनाविमा चालक या हिशेबाच्या बाहेर राहतो, त्याच्या छोट्या-मोठ्या धडकांची नोंदही कुठे होत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. अॅल्मा कोहेन आणि राजीव देहेजिया यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी तपासून दाखवलं की विमा सक्तीचा केल्याने विनाविमा चालक कमी झाले, पण रस्त्यावरचे मृत्यू वाढले. पैसे कंपनी देणार म्हटल्यावर काही जण सैल चालवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा असा आहे. त्यातून सक्ती काढून टाकावी असं मला वाटत नाही, कारण सैल चालवण्यावर वेगमर्यादा, परवान्यावरची कारवाई आणि इतिहासानुसार बदलणारा हप्ता असे वेगळे उपाय आहेत. भरपाईविना राहिलेल्या जखमीसाठी मात्र विम्याला पर्याय सापडणं कठीण आहे.

पर्याय काही देशांनी शोधले आहेत. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघातातल्या शारीरिक इजेची भरपाई एक सरकारी संस्था देते, चूक कोणाची हे न विचारता. पैसे इतर आकारण्यांबरोबर इंधन आणि वाहन नोंदणीवरच्या आकारणीतून येतात, म्हणजे जो गाडी चालवतो तो पेट्रोल भरतानाच वाटा उचलतो. तिथे इजेपुरता ‘विमा नसलेला चालक’ हा प्रश्नच उरत नाही. बदल्यात जखमीने चालकावर भरपाईचा खटला भरण्याचा हक्क सोडलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतही इंधनावरच्या आकारणीतून अपघात निधी चालतो. पण तिथे दावे आणि खटल्यांच्या ओझ्याखाली तो निधी वर्षानुवर्षं तुटीत आहे. कल्पना चांगली असली तरी कारभार ढिसाळ असला तर जखमी पुन्हा रांगेतच उभा राहतो.

बहुतेक देशांनी मधला मार्ग घेतला: सक्ती ठेवायची, आणि जे तरीही निसटतात त्यांच्यासाठी निधी उभारायचा. ब्रिटनमध्ये 1946 मध्ये विमा कंपन्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केलं. मोटार विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला त्याचं सदस्य व्हावंच लागतं. विनाविमा किंवा पळून गेलेल्या चालकाने इजा केली तर जखमीला भरपाई हे मंडळ देतं आणि नंतर चालक सापडला तर त्याच्या मागे लागतं. या मंडळाच्या म्हणण्यानुसार तिथे दर 20 मिनिटांनी अशा एखाद्या चालकामुळे कोणीतरी जखमी होतं. युरोपीय समुदायाने डिसेंबर 1983 च्या निर्देशाने सदस्य देशांना अशी यंत्रणा असणं बंधनकारक केलं. निधीत पैसे अर्थातच हप्ता भरणाऱ्यांचेच असतात. पण ओझं लाखो लोकांत थोडं थोडं वाटलं जातं, एका मोडक्या पायावर पडत नाही. आधी जखमीला द्या, मग दोषीकडून वसूल करा, हा क्रम मला योग्य वाटतो, कारण वसुलीची ताकद संस्थेकडे असते, एकट्या माणसाकडे नसते.

भारतात हा प्रश्न आकारानेच मोठा आहे. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने 2024 मध्ये मांडलेल्या अहवालानुसार रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही. गाडी नवी असताना विमा असतो, नूतनीकरण राहून जातं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2018 पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागू लागला. त्याच वर्षी न्यायालयाने राज्यांना असंही सांगितलं की अपघात केलेली विनाविमा गाडी मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय सोडू नये. तारण आलं नाही तर लिलाव करून पैसे अपघाताच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणात जमा करावेत. तरतूद चांगली आहे, पण जुन्या दुचाकीच्या लिलावातून येऊन येऊन किती येणार? पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये, ही रक्कम एप्रिल 2022 पासून लागू आहे. मे 2025 पासून अपघातग्रस्तांना 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजनाही आली आहे. पहिल्या आठवड्याच्या उपचारांसाठी हा मोठा आधार आहे. पण सातव्या दिवसानंतरची फिजिओथेरपी आणि बुडालेली कमाई यांचं उत्तर विमाच देऊ शकतो.

दंड वाढवा, ही मागणी प्रत्येक वेळी होते. दंड हवाच. पण विनाविमा चालक म्हणजे एकच प्रकारचा माणूस नाही. कोणी तारीख विसरलेला असतो, कोणाला हप्ता खरोखर परवडत नाही, कोणी मुद्दाम टाळतो, आणि कोणी स्वस्तात पॉलिसी देणाऱ्या भामट्याकडून खोटा कागद घेऊन आपला विमा आहे या समजुतीत फिरत असतो. विसरणाऱ्याला वेळेवर आठवण पुरते. टाळणाऱ्यावर गाडी उचलून नेण्याची भीती चालते. ब्रिटनने 2005 मध्ये पोलिसांना तो अधिकार दिला, आणि 2011 पासून नोंदणीची यादी विम्याच्या यादीशी ताडून, गाडी रस्त्यावर दिसायच्या आधीच मालकाला पत्र पाठवायला सुरुवात केली. ज्याला परवडत नाही त्याच्यावर दंड मात्र उलटाच बसतो. दंडाचे पैसे गेले की हप्त्याचे पैसे उरत नाहीत. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये कमी उत्पन्नाच्या चालकांसाठी स्वस्त पॉलिसीची योजना सुरू केली, ती या दृष्टीने जास्त शहाणपणाची आहे.

त्याच राज्याने 1996 मध्ये जनमताने केलेला दुसरा नियम मला पटत नाही. विनाविमा चालकाला दुसऱ्याच्या चुकीमुळे इजा झाली, तरी वेदना आणि त्रासाबद्दलची भरपाई त्याला मागता येत नाही. उपचारखर्च आणि बुडालेली कमाई तेवढी मिळते. शिक्षा म्हणून हे काहींना रास्त वाटतं. पण फायदा होतो तो चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीचा. रस्त्यावर विनाविमा गाड्यांमुळे ज्यांचं नुकसान झालं, त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही.

ज्यांचा स्वतःचा विमा आहे त्यांनी पॉलिसीत दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात धरलं आहे का, आणि चालकासाठी व सोबत बसणाऱ्यांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण किती आहे. समोरचा विनाविमा निघाला तर हाताशी एवढंच असतं. अपघात झाला तर गाड्या हलवण्याआधी दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेट दिसतील असे फोटो काढावेत, साक्षीदारांचे फोन नंबर घ्यावेत, पोलिसांत नोंद करावी आणि आपल्या कंपनीला लगेच कळवावं. भारतात गाडीच्या नंबरवरून तिचा विमा चालू आहे की नाही हे सरकारच्या परिवहन अॅपवर जागच्या जागी पाहता येतं. तो चालू नाही असं दिसलं, तर जागेवर कितीही रक्कम पुढे केली गेली तरी ‘माझी आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नये, निदान डॉक्टरांनी पूर्ण तपासणी करेपर्यंत तरी.